वीतभर माशाचा हंगाम

“आला का?”

मे महिना अर्धा सरला की बे बुल्सच्या धक्क्यावर रोज सकाळी हा प्रश्न ऐकू यायला लागतो. आमचा स्किपर खेकडे घेऊन परतलेल्या होडीवाल्यांना विचारतो, कॉफी देणारी बाई स्किपरला विचारते, टपालाची गाडी थांबते आणि आतला माणूस काच खाली करून तेच विचारून पुढे जातो. कोण, ते सांगावं लागत नाही. कॅपलिन. वीतभर लांब, बोटाएवढा जाड, पाठ हिरवट, पोट चांदीचं. ताजा असला की या माशाला चक्क काकडीचा वास येतो.

2024 च्या उन्हाळ्यात मी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर पर्यटकांच्या बोटीवर काम केलं. मे ते सप्टेंबर, साडेचार महिने. लोक तिथे येतात ते हिमनग, देवमासे आणि पफिन पक्षी बघायला. मीही त्याच ओढीने गेले होते. पण हंगाम संपताना माझ्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा लिहिलेलं नाव या वीतभर माशाचं होतं. तो किनाऱ्याला लागला की देवमासे लागतात, देवमासे लागले की गाड्या लागतात, आणि गाड्या लागल्या की आमच्या बोटीच्या दोनाच्या चार फेऱ्या होतात.

मी मूळची वेळासची, मंडणगड तालुक्यातली. आमच्या गावाला हंगाम हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 2002 साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. तेव्हापासून मार्च-एप्रिलमध्ये आमच्या पडवीत पुण्या-मुंबईची पंधरा-वीस माणसं पंगतीला बसलेली असतात. आई पहाटे चारला उठून नारळ खवते. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर दोरी बांधतात, टोपली उचलतात, आणि त्या दिवशी घरट्यातून जितकी पिल्लं वर आली असतील तितकी समुद्राकडे चालू लागतात. कधी साठ, कधी एकही नाही. एकही नाही आलं तर पाहुण्यांची समजूत घालायची जबाबदारी घरच्यांची. ते काम मी बाराव्या वर्षापासून केलेलं आहे. मुलाखतीत बोटीच्या मालकिणीने मला विचारलं, “माणसं लांबून आली आणि काहीच दिसलं नाही, तर काय करशील?” तेव्हा मी वेळासचंच सांगितलं. तिने तिथल्या तिथे काम दिलं.

सेंट जॉन्स ही न्यूफाउंडलंडची राजधानी. मी शिकले ते मेमोरियल विद्यापीठ तिथलंच. शिक्षण संपलं होतं, कामाचा परवाना हातात होता. बे बुल्स तिथून दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर. दोन डोंगरसोंडांच्या मधे आत शिरलेली खाडी, कडेने लाकडी घरं, एक चर्च, आणि धक्क्यावर बोटी. तासाला 15 डॉलर 60 सेंट, म्हणजे त्या वर्षीचं प्रांताचं किमान वेतन, वर पर्यटक देतील ती बक्षिसी. काम काय? माणसं मोजून आत घेणं, लाइफ जॅकेट घालून देणं, दोर सोडणं-बांधणं, माइकवर माहिती सांगणं, ज्यांना बोट लागते त्यांच्या हातात पिशवी देणं, आणि फेरी संपली की पाइप लावून डेक धुणं. आईने पाठवलेला आलेपाक मी खिशात ठेवत असे. बोट लागलेल्या माणसाला पिशवीच्या आधी एक वडी द्यायची. जुलैपर्यंत डबा संपला, तेव्हा स्किपरने स्वतः विचारलं की ती तिखट पिवळी वस्तू आणखी मिळेल का.

स्किपर सत्तरीच्या जवळ आलेला, जन्म बे बुल्सचाच. मला ‘माय लव’ म्हणायचा. तिथे दुकानदारापासून बस चालवणाऱ्या बाईपर्यंत सगळेच अनोळखी माणसालाही असं म्हणतात. आणखी एक शब्द त्यांच्या तोंडी सतत असतो, ‘बाय’. मूळ ‘बॉय’, पण या आयरिश वळणाच्या बोलीत त्याचा झालाय बाय, आणि तो पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत कुणालाही लागू. पहिल्यांदा धक्क्यावरून कुणीतरी “येस, बाय!” असं ओरडलं तेव्हा मी झटकन मागे वळले. आमच्याकडे मुलीला बायच म्हणतात.

मे महिना हिमनगांचा. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हिमनद्यांमधून तुटलेले हे डोंगर लॅब्राडोरच्या थंड प्रवाहाबरोबर एक ते तीन वर्षं वाहत इथवर येतात. नऊ-दशांश पाण्याखाली, एक-दशांश वर. दुरून बघताना ते स्थिर वाटतात, आणि म्हणूनच लोक थोड्या वेळाने मोबाइल खिशात टाकतात. पण एके दिवशी स्किपरने जाळीच्या पळीने पाण्यातून नारळाएवढा तुकडा उचलला आणि माझ्या हातात दिला. काचेसारखा पारदर्शक. “कानाला लाव,” म्हणाला. लावला. आत बारीक तडतड चालली होती, गरम तेलात मोहरी पडावी तशी. बर्फ झाला तेव्हा दाबला गेलेला हजारो वर्षांपूर्वीचा वारा बुडबुड्याबुडबुड्याने बाहेर फुटत होता. मी तो तुकडा फेरीभर जवळ ठेवला आणि प्रत्येक प्रवाशाच्या कानाला लावला. चार वर्षांच्या एका मुलाने तो जिभेलाही लावला, आणि त्याच्या आईने त्याला अडवलं नाही, हे मला आवडलं.

आमच्या बोटी जायच्या विटलेस बे राखीव क्षेत्रात. चार बेटं: गल, ग्रीन, ग्रेट आणि पी पी. माणसाला त्यांवर पाय ठेवायची परवानगी नाही, फक्त अभ्यासक परवाना काढून जातात. आमच्यासारख्या परवानाधारक बोटी कडेकडेने फिरतात. उत्तर अमेरिकेतली पफिनची सगळ्यांत मोठी वसाहत ती हीच, 2,60,000 हून अधिक जोड्या. आकडा माइकवर सांगितला की लोक ‘ओ’ करतात, पण त्याचा अर्थ कळतो तो वास आल्यावर. गल बेट अजून अर्धा किलोमीटर दूर असतं, आणि वाऱ्यावर विष्ठेचा तिखट, डोळ्यांत जाणारा वास येतो. मग आवाज. किटीवेक नावाचे कुरव स्वतःचं नाव ओरडत असतात. कड्याच्या फळ्यांवर मर पक्षी खांद्याला खांदा लावून उभे. आणि वरच्या गवताळ उतारावर, जमिनीला भोकंच भोकं. प्रत्येक भोकात एक पफिनचं घर.

पफिन आपल्या पारव्यापेक्षा थोडा मोठा, वजनाला अर्धा किलो. काळा कोट, पांढरं पोट, नारिंगी पाय, आणि ती प्रसिद्ध रंगीत चोच. त्या चोचीचे रंगीत पापुद्रे विणीच्या हंगामापुरतेच असतात. हिवाळ्यात ते गळून पडतात, आणि पक्षी राखाडी चेहऱ्याने भर समुद्रात सात-आठ महिने काढतो. जमिनीवर यायचं ते फक्त अंडं घालायला. अंडंही एकच. नर-मादी दोघं आळीपाळीने सहा आठवडे उबवतात, पुढचे सहा आठवडे भरवतात. उडताना तो मिनिटाला चारशे वेळा पंख हलवतो, त्यामुळे पंख दिसतच नाहीत, दिसते ती नुसती धूसर थरथर. पाण्यात मात्र हेच आखूड पंख वल्ह्यांचं काम करतात, आणि तो साठ मीटरपर्यंत खोल जातो.

पर्यटकाला हे सगळं दीड तासात बघायचं असतं. मला रोज, दिवसाला दोनदा, नंतर चारदा बघायला मिळालं. तोच कडा, तीच भोकं. पहिले पंधरा दिवस मला सगळे पफिन सारखेच दिसत होते. मग गल बेटाच्या एका खडकाजवळचं एक भोक मी मनाशी ठरवून टाकलं. त्यावर गवताचा एक झुबका कपाळावर केस यावेत तसा पुढे आलेला होता. रोज दुर्बिणीने आधी तिथे बघायचं. मे संपताना तिथला पक्षी चोचीत वाळलेलं गवत घेऊन आत जाताना दिसला. मग बरेच दिवस फक्त एकच पक्षी दाराशी, म्हणजे दुसरा आत अंड्यावर. आणि जूनच्या शेवटी एका दुपारी तो उतरला तेव्हा चोचीत आडवे मासे होते. एक, दोन, मोजता मोजता सात. पफिनच्या जिभेवर आणि टाळूला काटे असतात. पकडलेला मासा जिभेने टाळूला दाबून धरायचा आणि चोच पुन्हा उघडून पुढचा पकडायचा, म्हणून आधीचा निसटत नाही. आत पिल्लू आलं होतं. मी माइकवर काय बोलत होते ते अर्ध्यावर राहिलं. एका बाईंनी मागून विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “त्या घरी मूल झालंय.” सगळी बोट त्या एका भोकाकडे बघायला लागली.

चोचीतले ते मासे म्हणजे कॅपलिनच होते. खोल पाण्यातून थवे किनाऱ्याकडे सरकू लागले होते, पण अजून वाळूवर आले नव्हते.

तो येण्याआधीच्या हवेलाही तिथे स्वतंत्र नाव आहे, ‘कॅपलिन वेदर’. जूनमध्ये दिवसचे दिवस धुकं, बारीक झिमझिम, उत्तरेकडून गार वारा. लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचं ऊबदार पाणी याच बेटाच्या दक्षिणेला एकमेकांना भिडतात, त्यामुळे इथलं धुकं जगात नावाजलेलं. धक्क्यावरून समोरची डोंगरसोंड दिसत नाही. बाहेरचे पर्यटक कुरकुरतात, तिकिटाचे पैसे परत मागतात. गावातली माणसं मात्र खूश असतात. ढगाकडे बघून म्हणतात, आता येईल. आमच्याकडे त्याच दिवसांत मृग लागतो. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे. रात्री आईला फोन केला की ती विचारायची, “पाऊस कसा गो तिकडे?” मी विचारायची, “मिरग लागला?” उन्हाळ्यात न्यूफाउंडलंड आणि भारत यांच्या घड्याळात नेमका आठ तासांचा फरक असतो. इकडे अर्धा तास, तिकडे अर्धा तास, दोन्ही घड्याळं जगापेक्षा वेगळी, म्हणून हिशेब सरळ लागतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एका रात्री साडेनऊला, स्किपरचा फोन आला. एकच शब्द बोलला आणि ठेवला. “मिडल कोव्ह.”

मिडल कोव्ह हा सेंट जॉन्सच्या उत्तरेचा गोट्यांचा किनारा. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या. लोक बादल्या, टोपल्या, पागायची जाळी, उशांचे अभ्रेसुद्धा घेऊन आलेले. शेकोट्या पेटलेल्या. आणि पाण्याची कड जिवंत होती. दुसरा शब्द मला सुचत नाही. लाट यायची ती पाण्याची नसायचीच, माशांची असायची. ती गोट्यांवर फुटायची, आणि मागे हजारो मासे वळवळत राहायचे. मी बसून जवळून बघितलं. मादी मधे, दोन्ही बाजूंनी दोन नर. नरांच्या अंगावर या दिवसांत कडेने लांबट उंचवटे येतात, त्यांनी ते मादीला दोन्हीकडून धरून ठेवतात. तिघं मिळून लाटेबरोबर वर येतात, गोट्यांत काही क्षण थरथरतात, अंडी पडतात, आणि पुढची लाट नेईल तर नेईल. पुष्कळ मासे परत जातच नाहीत. पायाखालचे गोटे चिकट झाले होते. मी एक उचलला. त्यावर मोहरीहून बारीक, पिवळसर अंडी घट्ट चिकटलेली.

स्किपरच्या बायकोने माझी बादली भरून दिली. तिथे हे मासे मिठात मुरवून उन्हात वाळवतात, ताजे तळतात, आणि जुने लोक बटाट्याच्या वाफ्यात खत म्हणून घालायचे. मी घरी येऊन, रात्री बारा वाजता, हळद-तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवले आणि तळले. मांदेलीसारखे कुरकुरीत, काट्यासकट खाता येतात. मादीच्या पोटात अंडी असतात, ती दाताखाली कचकचतात. दुसऱ्या दिवशी डबा धक्क्यावर नेला. जन्मभर कॅपलिन खाल्लेल्या स्किपरने एक तुकडा तोंडात टाकला आणि डबा बायकोसाठी घरी नेला.

तिसऱ्या दिवशी देवमासे खाडीच्या तोंडाशी होते.

हंपबॅक देवमासा चौदा-पंधरा मीटर लांब, वजन तीस टनांच्या घरात. हिवाळा तो कॅरिबियन समुद्रात काढतो, डोमिनिकन रिपब्लिकच्या आसपास. तिथे पिल्लं होतात, नर गातात, पण खायला जवळजवळ काहीच नसतं. मग उपाशी पोटी हजारो किलोमीटर उत्तरेला, ते या माशासाठी. थव्याखालून जबडा उघडून वर यायचं, गळ्याच्या चुण्या पिशवीसारख्या फुगतात, मग पाणी बाहेर आणि मासे आत. कॅनडाच्या नियमाप्रमाणे बोटीने शंभर मीटर दूर राहायचं असतं. देवमासाच जवळ आला, तर इंजिन न्यूट्रलवर टाकून थांबायचं. एकदा एक मादी आपण होऊन बोटीकडे आली आणि कठड्यापासून पाच-सहा हातांवर तिने श्वास सोडला. फवाऱ्याचे तुषार माझ्या चष्म्यावर आले. त्याला कुजक्या माशांचा आणि उकडलेल्या कोबीचा वास होता. डेकवर ऐंशी माणसं होती, आणि कुणीही बोललं नाही. तिने पाठ वाकवली, शेपूट वर आली. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येक देवमाशाचे वेगळे असतात, आपल्या बोटाच्या ठशांसारखे. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं कॉलेज ऑफ द अटलांटिक अशा शेपट्यांच्या फोटोंची नोंदवही ठेवतं. आम्ही काढलेले फोटोही तिकडे पाठवायचो.

“तुमच्या समुद्रात आहेत का?” स्किपरने विचारलं. आहेत. अरबी समुद्रातले हंपबॅक या सगळ्यांपेक्षा निराळे. ते स्थलांतर करत नाहीत, बारा महिने ओमान ते भारत-श्रीलंकेच्या टापूतच राहतात, आणि शंभरही उरले नसावेत असा अंदाज आहे. हे सांगितल्यावर तो बराच वेळ सुकाणूवर हात ठेवून बसला. मग त्याने मला डॉक्टर जॉन लीन यांची गोष्ट सांगितली. मेमोरियल विद्यापीठाचे प्राध्यापक. 1970 च्या दशकाच्या शेवटापासून, कुणाच्याही कॉडच्या जाळ्यात देवमासा अडकला की रबरी होडी घेऊन जायचे आणि जाळं शक्य तितकं वाचवून त्याला सोडवायचे. पाचशेहून अधिक हंपबॅक त्यांनी असे सोडवले. स्किपर म्हणाला, “आम्ही त्या जनावरांचा द्वेष करायचो. एका रात्रीत वर्षाचं जाळं जायचं. त्या माणसाने जाळंही वाचवलं, म्हणून आम्ही त्याचं ऐकलं.”

आता या धक्क्याबद्दल. स्किपर तरुणपणी कॉड पकडायचा. त्याचा बाप, आजा, सगळे कॉडवाले. पाचशे वर्षं हे बेट त्या एका माशावर जगलं. मग मोठ्या कारखानावजा जहाजांनी तळ खरवडून काढला, आणि 2 जुलै 1992 ला केंद्रीय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी कॉडची मासेमारी बंद केली. प्रांतातल्या सुमारे 30,000 माणसांचं काम एका दिवसात गेलं. आदल्याच दिवशी क्रॉस्बी बे बुल्समध्ये आले होते, आणि चिडलेल्या गर्दीला त्यांनी सुनावलं होतं की पाण्यातले मासे काही मी काढून नेलेले नाहीत. ज्या गावातून मी रोज लाइफ जॅकेटच्या पेट्या न्यायचे, त्याच गावातली ती गर्दी. स्किपर तेव्हा त्या गर्दीत होता. बंदी दोन वर्षांची सांगितली होती. मी तिथे असतानाच, 26 जून 2024 ला, सरकारने ती उठवल्याचं जाहीर केलं. बत्तीस वर्षांनी, आणि तीही 18,000 टनांच्या मर्यादेत. अनेक शास्त्रज्ञांनी घाई होते आहे असं सांगितलं. मला वाटलं होतं, धक्क्यावर आनंद होईल. स्किपरने रेडिओवर बातमी ऐकली, आवाज कमी केला आणि म्हणाला, “कॅपलिन आहे का तेवढा, ते बघा म्हणावं आधी.” कॉडही कॅपलिनच खातो. 1990 च्या सुमाराला कॅपलिन कोसळला आणि अजून पूर्वीसारखा झालेला नाही. मला ते वाक्य मंत्र्यांच्या निवेदनापेक्षा जास्त पटलं.

ज्यांच्या होड्या रिकाम्या झाल्या त्यांतल्या काहींनी त्यांवर बाकं ठोकली आणि पर्यटक न्यायला सुरुवात केली. म्हणून इथे गाइडइतकाच स्किपर बोलतो, आणि त्याला पाण्याचं जे कळतं ते माझ्या वहीत मावत नाही. पण काम मोसमीच राहिलं. हिवाळ्यात बेरोजगार विमा लागतो, आणि तो मिळायला उन्हाळ्यात ठरावीक तास भरावे लागतात. त्याला अजून जुन्याच भाषेत ‘स्टॅम्प’ म्हणतात. ऑगस्टमध्ये डेक धुताना बायका एकमेकींना विचारतात, “तुझे स्टॅम्प झाले?” कॅपलिन दहा दिवस उशिरा आला, तर कुणाचे तरी तास कमी पडतात.

जुलैच्या अखेरीला टोरांटोहून एक मराठी कुटुंब आलं. सोबत पुण्याच्या आजी, नऊवारी नव्हे, सलवार-कमीज आणि वर लेकाचा जाडजूड कोट. माझ्या छातीवरच्या पट्टीवर नाव वाचून म्हणाल्या, “तू कुणाकडची गं?” वेळासची म्हटल्यावर त्यांनी हातच धरला. “आम्ही आलो होतो की कासवं बघायला! नऊ साली. तीन दिवस राहिलो, शेवटच्या सकाळी दोन पिल्लं दिसली.” मग बेटाकडे बघत राहिल्या. पफिन उडून येत होते, चोचीत मासे, घाईघाईने भोकांत शिरत होते. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “ऑफिसातून येताना भाजी घेऊन येतात तसं.” पुढचे दोन महिने मी माइकवर तेच सांगत होते, पुण्याच्या एका आजींचं निरीक्षण आहे म्हणून.

ऑगस्ट महिना पिल्लांचा. पफिनचं पिल्लू सहाएक आठवड्यांचं झालं की एका रात्री, एकटंच, आईबापांशिवाय, भोकातून बाहेर पडतं आणि समुद्राकडे उडतं. रात्री, कारण दिवसा मोठे कुरव टपलेले असतात. अंधारात समुद्र ओळखायचा तो उजेडावरून, पाण्यावर पडलेल्या चांदण्यावरून. आणि समोरच्या किनाऱ्यावर आता रस्त्याचे दिवे आहेत, अंगणातले दिवे आहेत, दुकानं आहेत. पिल्लू तिकडे जातं. मग रस्त्यावर, गवतात, गाडीखाली सापडतं. सपाट जमिनीवरून त्याला पुन्हा उडता येत नाही.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर वेळासचा किनारा आला. कासवाचं पिल्लूही वाळूतून वर आलं की जास्त उजळ दिसेल तिकडे चालतं. किनाऱ्यावर दिवा असला तर ते माडांकडे वळतं. हंगामात आमच्याकडे समुद्राकडच्या पडवीतला दिवा लावत नाहीत. पाहुण्यांच्या हातातली बॅटरी बंद करायला लावणं, हे माझं लहानपणचं काम.

विटलेस बे गावात 2004 साली युर्गन आणि एल्फी शाऊ या जर्मन जोडप्याला रस्त्याकडेला अशी पिल्लं सापडू लागली, आणि त्यांनी ती उचलायला सुरुवात केली. त्यातूनच ‘पफिन पॅट्रोल’, म्हणजे पफिनसाठीची गस्त, उभं राहिलं. आता एक निसर्गसंस्था ते चालवते. परवाना असलेले स्वयंसेवक चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घालून, हातात फुलपाखरं धरायची असते तशी जाळी आणि एक पेटी घेऊन, रात्री गावोगाव फिरतात. मी काम संपवून आठवड्यातून तीन रात्री जायची.

18 ऑगस्टची रात्र. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. चांदण्या रात्री पिल्लं कमी चुकतात, कारण समुद्रच दिव्यांपेक्षा जास्त उजळ असतो. म्हणून आम्ही लवकर घरी जाऊ असं वाटलं होतं. दहा वाजता धुकं उतरलं आणि चंद्र गिळून टाकला. त्याच रात्री एका घराच्या पायरीवर लीचचा पेट्रेल सापडला. काळपट, बुलबुलाएवढा, जेमतेम 45 ग्रॅमचा पक्षी. या बेटांवर तो लाखांच्या संख्येने बिळांत राहतो. पर्यटकाला कधीच दिसत नाही, कारण ये-जा फक्त काळोखात. त्याची संख्या झपाट्याने घटते आहे, पण पफिनसारखी रंगीत चोच नसल्यामुळे त्याचं चित्र कुणी मगावर छापत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. माझ्या ओंजळीत तो बसला तेव्हा पिसांना जुन्या कपाटासारखा, कस्तुरीकडे झुकणारा वास येत होता. आम्ही त्याला पेटीत ठेवला.

पिल्लं रात्री दोनपर्यंत अकरा झाली. शेवटचं मी पकडलं, पेट्रोल पंपाच्या मागे, टायरांच्या चळतीत. जाळं टाकायची गरजच पडली नाही. राखाडी चेहरा, काळी बारीक चोच, रंगाचा पत्ता नाही. हातात धरल्यावर त्याने माझ्या हातमोज्याला कडकडून चावा घेतला आणि सोडलाच नाही. आत त्याचं काळीज शिलाई मशीनसारखं चाललं होतं.

सकाळी अभ्यासकांनी प्रत्येकाचं वजन केलं. माझं पिल्लू पाव किलोहून थोडं जास्त भरलं. पायात धातूचं कडं घातलं, क्रमांक लिहून घेतला. नऊ वाजता, धुकं फाटलं होतं, आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचं, पाण्याच्या कडेशी जायचं आणि वर उंच सोडून द्यायचं. त्याने आधी पडल्यासारखं केलं, मग पंखांची ती थरथर सुरू झाली आणि ते सरळ गेलं, पाण्याला लागून, बेटांच्याही पलीकडे. आता दोन-तीन वर्षं ते जमिनीला पाय लावणार नाही.

खिशात फोन वाजला. तिकडे संध्याकाळचे पाच. आईने व्हिडिओ लावला होता. आमच्याकडची नारळी पौर्णिमा. बँडच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. गर्दीतून बाबांचा हात दिसला, सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, आणि मागे रंगवून पाण्यात ढकललेल्या होड्या. आई ओरडून काहीतरी विचारत होती. मी फोन कानाला लावला.

“गेलं का गो पिल्लू?”

“गेलं,” मी म्हटलं.